हातात मोबाइल आला, मतदाराला राजकारण जास्त कळायला लागलं का?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. सदस्य माजी झाले, सभापती माजी झाले, सगळा कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे गेला. पुढे तीन वर्षं निवडणुकीचा पत्ता नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे गट-गणांची, म्हणजे मतदारसंघांची, रचना, आरक्षणाची सोडत हे शब्द पुन्हा कानावर पडू लागले.

मधल्या काळात चहाच्या गाड्यावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कुणालाही विचारलं, "तुमच्या गटाचा जिल्हा परिषद सदस्य कोण?", की पटकन एक नाव यायचं. ते माजी सदस्याचं असायचं. पद रिकामं आहे, आपल्या भागातून जिल्हा परिषदेत बोलणारं सध्या कुणीच नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात होतं. हीच माणसं मुंबईत कोणता नेता कोणाबद्दल काय बोलला ते मात्र शब्दाला शब्द सांगायची, कारण ते सकाळीच मोबाइलवर पाहिलेलं असायचं.

हातात मोबाइल आहे, त्यात रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे, तरी असं का होतं? इंटरनेटमुळे मतदाराला राजकारण जास्त कळतं की कमी? त्याला राजकारणात रस वाढतो की तो लांब जातो? राज्यशास्त्रात या प्रश्नावर गेली पंचवीस-तीस वर्षं काम चाललंय. त्यातून जे हाती लागलंय ते आपल्याकडच्या उदाहरणांसह मांडतो.

ज्ञान वेगळं, रस वेगळा

अभ्यासक 'राजकीय ज्ञान' म्हणतात तेव्हा त्यात तीन गोष्टी धरतात. राज्यकारभार कसा चालतो, म्हणजे कोणता अधिकार कुणाकडे आहे. कोण कुठल्या पक्षात आहे, त्याची भूमिका काय आहे. आणि सध्या कोणते निर्णय होताहेत, त्यांचा आपल्यावर काय परिणाम होणार आहे.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. आटपाडीत टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन वेळेवर आलं नाही तर जिल्हा परिषद सदस्याला धारेवर धरून काही होत नाही. तो विषय राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाचा आणि कृष्णा खोरे विकास महामंडळाचा. उलट अंगणवाडीचं छत गळत असेल तर खासदारांच्या दौऱ्यात निवेदन देऊन फोटो निघतो, छत तसंच राहतं. जाब कुणाला विचारायचा हे माहीत नसेल तर मतदाराचा राग चुकीच्या दारात जातो आणि ज्याचं काम होतं तो सुटतो.

'राजकीय रस' म्हणजे कुणी सांगितलं नाही, गरज पडली नाही, तरी माणूस आपणहून राजकारणाकडे किती लक्ष देतो ते. पक्षाचं वेड म्हणजे रस नव्हे. एखाद्या नेत्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्याला त्याच नेत्याच्या खात्याचा एकही निर्णय ठाऊक नसतो, असंही दिसतं.

इंटरनेट वापरणाऱ्याला जास्त माहिती असते, हे खरं आहे?

सर्वेक्षणं केली तर बऱ्याचदा तसंच दिसतं. जो इंटरनेटवर बातम्या वाचतो त्याला राजकारणातलं अधिक ठाऊक असतं. पण इथे घाई करायची नाही. तो माणूस इंटरनेटमुळे जाणकार झाला, की मुळात जाणकार होता म्हणून इंटरनेटवर बातम्या वाचतो? शिकलेला, शहरात राहणारा, बऱ्या कमाईचा पुरुष इंटरनेटही जास्त वापरतो आणि वर्तमानपत्रही आधीपासून वाचत असतो. इंटरनेट काढून घेतलं तरी त्याला इतरांपेक्षा जास्तच माहिती असेल.

शिवाय इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळालेलंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या सुमारे 57 टक्के पुरुषांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. बायकांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होतं. त्यानंतर दोन्ही आकडे वाढले असणार, पण घरात एकच चांगला फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो हे आपल्याला दिसतंच. तेव्हा 'इंटरनेट वापरणारे आणि न वापरणारे' अशी तुलना केली की बऱ्याचदा ती नकळत पुरुष आणि बायका, शिकलेले आणि न शिकलेले अशी होऊन बसते.

म्हणून अभ्यासकांनी नुसती सर्वेक्षणं सोडून प्रयोग सुरू केले. पण प्रयोगांकडे जाण्याआधी एक जुनं निरीक्षण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पाऊस आणि कालवा

अमेरिकेत एके काळी टीव्हीवर तीनच मोठी नेटवर्क होती आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळेला तिन्हींवर बातम्या असत. आपल्याकडेही 1990 च्या आसपासपर्यंत तसंच होतं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळी दूरदर्शनच्या. पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत बसलेल्याच्या कानावरही बातम्या पडायच्या, कारण दुसरं काही लावायची सोय नव्हती. राजकारणात काडीचाही रस नसलेल्या माणसाला मुख्यमंत्री कोण, मंत्रिमंडळात काय चाललंय एवढं आपोआप कळायचं.

मार्कस प्रायर या राज्यशास्त्रज्ञाने 2005 मध्ये दाखवून दिलं की केबल आणि इंटरनेट आल्यावर ही आपोआप होणारी ओळख संपली. ज्यांना बातम्या आवडतात त्यांना चोवीस तास बातम्या मिळू लागल्या आणि त्यांचं ज्ञान वाढलं. ज्यांना करमणूक आवडते त्यांना चोवीस तास करमणूक मिळू लागली, बातम्या टाळायची सोय झाली आणि त्यांचं ज्ञान घटलं. त्यांचं मतदानही कमी झालं. सरासरी काढली तर फार काही बदललं नाही असं वाटेल, पण दोन गटांमधलं अंतर रुंदावलं.

आपल्या भागात हे समजायला पाण्याकडे पाहावं. पूर्वीची बातमी पावसासारखी होती. कमी पडायची, पण सगळ्यांच्या रानावर पडायची, मागितली नाही तरी पडायची. इंटरनेट कालव्यासारखं आहे. पाणी पावसाच्या कितीतरी पट आहे, बारमाही आहे, पण ज्याने चारी काढली आहे आणि रात्री उठून दारं धरायला जातो त्याच्याच रानात ते जातं. कालव्याला लागून असलेलं शेजारचं रान कोरडं राहू शकतं. राजकारणातला रस म्हणजे ती चारी.

पुराच्या दिवसांतली सांगली

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि तो आशा वाढवणारा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीतल्या कुणाशीही बोला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे रिक्षावाल्यापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेही लोक विसरलेले नाहीत. कोयना धरणाची साठवण क्षमता 105 टीएमसी (अब्ज घनफूट), दरवाजे किती फूट उचलले, पायथा वीजगृहातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट), कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची आवक किती आणि विसर्ग किती, हे आकडे माणसं तासातासाला मोबाइलवर बघतात आणि एकमेकांना सांगतात. कुठल्या आकड्यावर गावभाग रिकामा करायचा, कुठल्या आकड्यावर गुरं हलवायची याचा हिशोब त्यांच्या डोक्यात तयार असतो.

यातल्या कित्येकांनी शाळा मधेच सोडलेली आहे. क्युसेक आणि टीएमसी हे काही सोपे शब्द नाहीत. पण इथे त्यांना कुणी 'अवघड शब्द' म्हणत नाही. अलमट्टीची उंची वाढवण्याचा वाद दोन राज्यांतला, लवादापुढे गेलेला, कायदेशीर गुंत्याचा आहे. त्यावरही कृष्णाकाठचा माणूस मुद्देसूद बोलतो.

म्हणजे लोकांना अवघड गोष्टी कळत नाहीत, हे खोटं आहे. जिथे आपलं घर बुडणार की वाचणार हा प्रश्न असतो तिथे तेच इंटरनेट, तोच फोन, तोच माणूस तज्ज्ञाच्या तोडीची माहिती गोळा करतो. जिल्हा परिषदेचं पद रिकामं असताना आपलं काय बुडत होतं हे त्याला कुणी तितक्या स्पष्टपणे दाखवलं नाही, म्हणून तिथे तो शोधायला गेला नाही.

नुसतं कनेक्शन देऊन काय होतं?

यावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रयोग चीनमधला आहे. तिथे सरकारने अनेक परदेशी संकेतस्थळं बंद केलेली आहेत. यूयू चेन आणि डेव्हिड यांग या अर्थशास्त्रज्ञांनी बीजिंगमधल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना ही बंदी ओलांडण्याचं साधन फुकट दिलं. आता मुलं धडाधड परदेशी बातम्या वाचतील अशी अपेक्षा कुणीही केली असती. तसं घडलं नाही. जवळपास निम्म्या मुलांनी ते साधन वापरलंच नाही. ज्यांनी वापरलं त्यांतही परदेशी बातम्यांवर वेळ घालवणारी फार थोडी निघाली.

मग संशोधकांनी काही मुलांना आणखी एक गोष्ट दिली. चार महिने त्या बातम्यांवर छोट्या प्रश्नमंजुषा घेतल्या, बरोबर उत्तराला थोडं बक्षीस ठेवलं. मुलं उत्तरासाठी बातम्या वाचू लागली. प्रश्नमंजुषा बंद झाली, बक्षिसं थांबली, तरी त्यांनी वाचणं सोडलं नाही. पुढेही स्वतःहून वाचत राहिली. त्यांचं ज्ञान वाढलं आणि सरकारकडे बघण्याची दृष्टीही बदलली. फुकट साधन संपल्यावर काहींनी स्वतःच्या पैशाने ते चालू ठेवलं.

या प्रयोगाने दोन गोष्टी एकदम सांगितल्या. साधन हातात दिलं म्हणजे ज्ञान पोचलं, असं होत नाही. आणि रस ही जन्मजात, न बदलणारी गोष्टही नाही. कुणीतरी काही काळ हाताला धरून नेलं तर तो लागतो आणि टिकतो.

"पण आता तर सगळेच राजकारणावर बोलतात!"

ही शंका रास्त आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि राजकारणाचे व्हिडिओ घराघरांत गेले. साताऱ्याइतकं याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. 18 ऑक्टोबर 2019 रोजी शरद पवारांनी साताऱ्यात भर पावसात भाषण केलं. काही तासांत तो व्हिडिओ राज्यातल्या जवळपास प्रत्येक फोनवर होता. तीन दिवसांनी मतदान झालं आणि सातारा लोकसभा पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील जिंकले.

तो क्षण आजही लोकांना आठवतो. त्याने अनेकांना राजकारणात ओढलं, हे मी मानतो. पण पुढचा प्रश्न विचारून पाहा. पाच महिन्यांपूर्वीच लोकसभा निवडणूक झालेली असताना पोटनिवडणूक का घ्यावी लागली? उत्तर असं की मे महिन्यात राष्ट्रवादीकडून निवडून आलेल्या उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबरमध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. व्हिडिओ सगळ्यांना आठवतो, निवडणुकीचं कारण थोड्यांना. मोबाइलवर जे फिरतं ते भाव जागवणारं असतं, आणि जे भाव जागवतं ते लक्षात राहतं. कारण, नियम, अधिकार यांचा व्हिडिओ करणं अवघड आणि केला तरी तो पुढे कमी जातो.

इथे आणखी एक धोका आहे. येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट इंटरनेटवर शोधून पाहिली की माणसाला आपल्याला बरंच कळतं असं वाटू लागतं, आणि हा आत्मविश्वास न शोधलेल्या विषयांपर्यंतही पसरतो. माहिती फोनमध्ये असते, पण ती आपल्या डोक्यात आहे असं वाटतं. राजकारणाचे व्हिडिओ दिवसभर बघणाऱ्याचा बोलण्यातला ठामपणा आणि त्याची प्रत्यक्ष माहिती यांत अंतर पडतं ते असं.

"मग सोशल मीडिया बंदच केला तर?"

हेही करून पाहिलं गेलंय. अमेरिकेत 2018 च्या संसदीय निवडणुकांच्या आधी अडीच हजारांवर लोकांना घेऊन प्रयोग झाला. त्यातल्या काहींना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाचा साधारण एक तास वाचला. त्यांना थोडं बरं वाटू लागलं. राजकीय प्रश्नांवरच्या मतांमधलं टोकाचं अंतर काहीसं कमी झालं. पण चालू बातम्यांचं ज्ञानही घटलं. फेसबुकवर इतर गोष्टी बघता बघता ज्या बातम्या डोळ्यांखालून जात होत्या, त्या आता जात नव्हत्या आणि त्यांची जागा दुसऱ्या कशाने भरली नव्हती.

म्हणजे सोशल मीडिया थोडी माहितीही देतो आणि मतांमधलं अंतरही वाढवतो. एक घेतलं की दुसरं येतं. जर्मनीत ब्रॉडबँड जिथे आधी पोचलं तिथे मतदान किंचित घटलं, असं 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. इटलीतही सुरुवातीला तसंच झालं, पण काही वर्षांनी इंटरनेटवरूनच उभ्या राहिलेल्या नव्या पक्षाने त्या दूर गेलेल्या मतदारांना परत आणलं. तेव्हा 'इंटरनेटचा परिणाम' हा दगडावरची रेघ नाही. तो कोण वापरतं आणि कशासाठी, यावर फिरतो.

अल्गोरिदमला सगळा दोष देणाऱ्यांसाठीही एक निष्कर्ष आहे. अल्गोरिदम म्हणजे तुम्हाला काय आधी दाखवायचं हे ठरवणारी संगणकाची पद्धत. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात हजारो लोकांची फेसबुक आणि इन्स्टाग्रामची फीड तीन महिने बदलून नुसती काळाच्या क्रमाने लावली. त्यांच्या राजकीय ज्ञानात आणि मतांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. अल्गोरिदम निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही, पण तो बदलला की मतदार जाणकार होईल ही आशा धरण्यात अर्थ नाही.

"मत द्यायला एवढं ज्ञान लागतंच कशाला?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि मी त्याचा आदर करतो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या मागे उभ्या राहिलेल्या याच भागातल्या हजारो माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील यांना मत देणाऱ्यांनीही घटनेची कलमं वाचलेली नव्हती. तरी आपलं कोण आणि परकं कोण हे त्यांना बरोबर कळत होतं.

राज्यशास्त्रही हे मान्य करतं. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात विम्याच्या नियमांवर एकाच वेळी पाच ठराव मतदारांपुढे आले. ते वाचून समजणं भल्याभल्यांना अवघड होतं. आर्थर लुपिया यांनी तपासलं तेव्हा दिसलं की ठरावांचं फारसं ज्ञान नसलेले, पण विमा कंपन्या कुठल्या ठरावाच्या बाजूने आहेत एवढंच माहीत असलेले मतदार जवळपास जाणकारांसारखंच मत देत होते. विश्वासाच्या खुणेवरून मत ठरवायच्या या पद्धतीला जवळची वाट म्हणता येईल. पक्ष, चिन्ह, गावातला भरवशाचा माणूस, सहकारी साखर कारखान्यातला गट या आपल्याकडच्या जवळच्या वाटा.

अडचण अशी की गेल्या काही वर्षांत या वाटाच मोडल्या. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. धनुष्यबाण एकीकडे गेला, घड्याळ एकीकडे गेलं. वर्षानुवर्षं एका खुणेवर बोट ठेवणाऱ्या माणसाला नवी खूण शिकावी लागली.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात हे फार जवळून दिसलं. शरद पवारांच्या पक्षाला फेब्रुवारी 2024 मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं होतं. मतदान दोन-अडीच महिन्यांवर आलेलं. त्याच यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह होतं पिपाणी, आणि निवडणूक आयोगाच्या यादीत तिचं मराठी नावही 'तुतारी' असंच दिलं होतं. भाजपचे उदयनराजे भोसले 32 हजारांवर मतांनी जिंकले. पिपाणीला 37 हजारांवर मतं पडली. ही मतं चिन्हाच्या गल्लतीतून गेली, असं शरद पवारांच्या पक्षाचं म्हणणं होतं. मतदान यंत्र कारण नोंदवत नाही, त्यामुळे त्यातली किती गल्लतीची आणि किती मनापासूनची हे सिद्ध करता येत नाही. पण मला त्यातून दिसतं ते हे की त्या दोन महिन्यांत दोन्ही बाजूंचे हजारो व्हिडिओ फोनवर येत होते, आणि त्याच वेळी चिन्ह ओळखण्याइतकी साधी माहिती सगळ्यांपर्यंत पोचली की नाही याची शंका पक्षालाच होती. जवळच्या वाटेवर चालणाऱ्यालाही ती वाट आज कुठून जाते एवढं ठाऊक लागतं.

अफवेला बळी पडतो तो अडाणी?

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चार वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, आपल्याच जत तालुक्यातल्या लवंगा गावात पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला पाणी विचारणाऱ्या मुलखात हे घडलं, याचं दुःख अजून जात नाही.

अशा वेळी 'लोकांना शिकवा' असं आपण म्हणतो. 2019 च्या निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये घरोघरी जाऊन, तासभर बसून, खोटा मजकूर कसा ओळखायचा ते लोकांना शिकवलं. निवडणूक झाल्यावर पुन्हा तपासलं, तर सरासरी फरक पडला नव्हता. खोटी गोष्ट आपल्या पक्षाला धार्जिणी असेल तर ती सोडायला माणूस तयार होत नाही. शिकलेलाही होत नाही, कधीकधी तो ती आणखी हुशारीने मांडतो. एका तासाच्या शिकवणीने जन्माची निष्ठा हलत नाही.

मग रस लागतो कसा?

पुराच्या आकड्यांसारखा. आपलं काय पणाला लागलंय ते दिसलं की.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज हे पोर्टल कुणालाही उघडता येतं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की आपल्या गावाचा त्या वर्षाचा विकास आराखडा समोर येतो. कामाचं नाव, अंदाजे रक्कम, पैसा कुठल्या निधीतून. सुरुवातीला तो तक्ता बघून काहीच कळत नाही. पण एवढंच समजून घ्या की 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साधारण 60 टक्के पैसा 'बंधित' होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. उरलेला 40 टक्के 'अबंधित', म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा.

आता ग्रामसभेत एखादी बाई विचारते, "आमच्या गल्लीत दिवे का नाहीत?" ग्रामसेवक सांगतात, "ताई, तो निधी बंधित आहे." शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर ती खाली बसते. माहीत असेल तर ती दुसरा प्रश्न विचारते, "मग अबंधितमधले किती शिल्लक आहेत, भाऊसाहेब?" त्या क्षणी सभेत बसलेली बाकीची माणसं मान वर करून बघतात. पुढच्या ग्रामसभेआधी आणखी दोघंतिघं तो तक्ता मोबाइलवर उघडून येतात. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कित्येक गावांत त्या कोरमअभावी तहकूब होतात किंवा वहीवर सह्या घेऊन उरकल्या जातात, ही आपली जुनी दुखरी जागा आहे.

"पण एवढं करायला सवड कुणाला आहे?" हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. ऊसतोड, दूध घालणं, कारखान्याची पाळी यांतून उठलेल्या माणसाने संध्याकाळी तक्ते वाचावेत ही अपेक्षा जड आहे. म्हणून बिहारमध्येच झालेला दुसरा प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे जीविका या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानाच्या गावातल्या वाचनालयांत सुमारे 13,500 शाळकरी मुलांना घेतलं. काही आठवड्यांच्या अंतराने, शाळेसारखे चार वर्ग भरवले. बातमी कुठून येते, खरीखोटी कशी पारखायची, हे शिक्षकांनी शिकवलं. तासाभरात जे मोठ्यांना साधलं नव्हतं ते इथे साधलं. काही महिन्यांनी तपासलं तेव्हा मुलं शिकलेलं विसरली नव्हती, आणि वर्गात न घेतलेल्या राजकारणाच्या बातम्याही पारखू लागली होती. आणखी एक गोष्ट घडली. त्या मुलांच्या आईवडिलांची पारखही सुधारलेली दिसली. त्यांना कुणीही शिकवायला गेलं नव्हतं. मुलं घरी जाऊन बोलत होती.

जीविकेसारखंच आपल्याकडे उमेद अभियान आहे आणि त्याचे बचत गट सातारा-सांगलीच्या गावागावांत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा वाड्यावस्त्यांपर्यंत आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी शाळेच्या फळ्यावर दर महिन्याला आपल्या ग्रामपंचायतीच्या आराखड्यातली चार कामं लिहायची, त्यातलं कुठलं झालं आणि कुठलं नाही ते प्रत्यक्ष बघून यायचं, एवढं एखाद्या शाळेने सुरू केलं तरी त्याला नवा पैसा लागत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी, एका शिक्षकाचा महिन्यातला एक तास आणि कुणाचा तरी मोबाइल, एवढ्यावर ते भागतं.